बैलगाडीला आठ

इंगळेबाईंना 'गर्दी' हा शब्द मोघम वापरलेला चालत नसे. कुणी म्हटलं, "आज रस्त्यावर लई गर्दी हाय," की त्या पेन्सिल थांबवून विचारायच्या, "कोनाची?" समोरचा गडबडायचा. मग बाई समजावून सांगायच्या, "माणसाईची का गाड्याईची, ते सांगा. मंग लिवते."

मी गेली बरीच वर्षं पुण्यात बसून गर्दी मोजतो. माझं पोटच त्यावर आहे. कोणत्या चौकात किती वाहनं येतात, ती किती सेकंद अडतात, रांग कुठपर्यंत जाते, हे मोजायचं आणि त्यावरून महानगराच्या, काम आलं तर हमरस्त्यांच्याही, वाहतुकीचा पुढचा आराखडा करायचा, हे आमच्या कंपनीचं काम. ऑफिसच्या भिंतीवर मोठा पडदा आहे. त्यावर अख्खं शहर आणि आमच्याकडे असलेले हमरस्ते हिरव्या, पिवळ्या, लाल रेघांनी दिसतात. लाल म्हणजे कोंडी. त्या पडद्यासमोर बसलो की हल्ली मला बाईंचं "कोनाची?" ऐकू येतं आणि डोकं तापतं. बाईंवर नाही. त्या पडद्यावर, आणि त्याच्यापुढे मान डोलवत बसणाऱ्या आम्हा सगळ्यांवर.

मी मूळचा जळगाव जामोदचा. इंजिनिअर झाल्यावर पहिली तीन वर्षं आपल्याच जिल्ह्यात रस्त्यांच्या एका ऑफिसात कंत्राटी नोकरी केली. सुशीला इंगळे तिथे ट्रेसर होत्या. पारदर्शक कागदावर शाईने नकाशे उतरवायचं त्यांचं काम. कॉम्प्युटर आले आणि ते काम संपलं. बाईंना घरी पाठवता येईना, म्हणून साहेबांनी त्यांना वाहनं मोजायला पाठवलं. ही शिक्षा होती हे सगळ्या ऑफिसला कळलं होतं. बाईंनी ती शिक्षा इतकी मनावर घेतली की पुढे जिल्ह्यात मोजणी म्हटलं की इंगळेबाईंचंच नाव निघू लागलं.

त्यांची एक पत्र्याची घडीची खुर्ची होती. ती त्या स्वतः एसटीतून घेऊन यायच्या. उन्हाकडे पाठ करून, पदर कमरेला खोचून बसायच्या. चष्म्याला दोरी, फळीला दोरी, दोरीला पेन्सिल. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, अशा जुड्या त्या न बघता मारायच्या, कारण डोळे रस्त्यावरून हलवायचे नाहीत. मोजणीचा तास सुरू झाला की ओठ मिटलेले. त्या तासात त्या पाणी पीत नसत, की कुणाला उत्तर देत नसत. एकदा एका पुढाऱ्याच्या गाड्यांचा ताफा जायचा होता, तेव्हा पोलिसाने त्यांना खुर्ची उचलायला सांगितली. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ताफा गेला, तास संपला, तेव्हा म्हणाल्या, "अकरा मोटारी. आता बोला."

राग आला की त्या पेन्सिलीला टोक काढायच्या. पर्समध्ये दाढीचं अर्धं पातं असायचं. आवाज चढायचा नाही, उलट खाली जायचा. पातं निघालं की आम्ही समजून जायचो.

एका वर्षी एका नाक्यावरच्या माणसाने आठवडाभराचे तक्ते घरी बसून भरले. चक्क पाट्या टाकल्या होत्या. ते तक्ते ऑफिसात आले आणि कुणाला काही वाटलं नाही. बाईंनी ते हातात घेतले, दोन पानं उलटली आणि पातं काढलं. "दर तासाले तेवढेच ट्रक? ट्रकवाल्याईनं काय आपसात ठरवून ठेवलं हाय? आन बाजाराच्या दिवशीबी टेम्पो तेवढेच?" साहेब म्हणाले, "अहो बाई, इकडचा आकडा तिकडे झाला तर काय बिघडतं?" बाई टोक काढता काढता म्हणाल्या, "काई बिघडत नाई, तं मंग मोजता कायले?" दुसऱ्या दिवशी बाई खुर्ची घेऊन त्या नाक्यावर गेल्या आणि आठवडाभराची मोजणी नव्याने केली. तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नव्या सगळ्या लोकांना त्या एकच गोष्ट सांगायच्या, "पाह्यलं तेच लिवा. आयकलं ते नोका लिवू."

आता तो तक्ता कसा असतो ते सांगतो, कारण सगळं महाभारत त्यातच आहे. डावीकडे तास. वर वाहनांचे रकाने. सगळ्या वाहनांची बेरीज एका मापात यावी म्हणून प्रत्येकाला ठरलेल्या आकड्याने गुणायचं असतं. मोटारीला एक. दुचाकीला अर्धा. ट्रक आणि बस यांना तीन. ट्रॉली लावलेल्या ट्रॅक्टरला साडेचार. बैलगाडीला आठ. पायी चालणाऱ्या माणसाला रकानाच नाही.

मी पुण्याला गेल्यावर एका मोठ्या चौकाची मोजणी आमच्या कंपनीकडे आली. भरवशाची माणसं हवी होती. मी हट्ट करून बाईंना चार दिवसांची रजा टाकायला लावली आणि बोलावून घेतलं. त्या खुर्ची घेऊनच आल्या. पहिल्या सकाळी चौकाकडे बराच वेळ बघून म्हणाल्या, "सायेब, मोजू काय इथं? सबन उभंच तं हाय." आम्ही खूप हसलो. मग त्या बसल्या आणि चारही दिवस त्यांनी नेहमीसारखं चोख मोजलं.

पण तिसऱ्या दिवशी एक तास संपल्यावर त्यांनी मला बोट करून दाखवलं. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ हातात कापडी पिशवी घेऊन रस्ता ओलांडायला थांबले होते. "तो मानूस कवाचा उभा हाय," बाई म्हणाल्या. "माह्यं अर्धं पान भरलं तवापासून. त्याचं कुठं लिवू?"

"त्याचा रकाना नाही, बाई."

"त्याले उशीर नाई होत काय?"

मी तेव्हाही हसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण पातं काढलं नाही. मला वाटतं, त्यांना तेव्हा माझी कीव आली असावी.

त्याच दिवशी चहाच्या टपरीवर त्यांनी विचारलं, "बैलगाडीले आठ काऊन हो? मोटारीले एक आन बैलगाडीले आठ. इतके वर्स गुणून राह्यली, कोनी सांगतलं नाई." माझा फोन वाजत होता. क्लायंटचा होता. मी एक बोट वर करून त्यांना थांबवलं आणि घाईत म्हणालो, "बैलगाडीचं वजन जास्त धरतात, बाई. आकडा मोठा आला की काम लवकर मंजूर होतं." आणि फोन घेतला.

बाईंच्या तोंडावर हसू आलं. त्या फारशा हसत नसत, म्हणून ते लक्षात राहिलं. "मंग बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "कोनीतरी बैलाचा इचार केला म्हना."

या वाक्यापाशी थांबलो की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. फोन वाजू द्यायचा होता.

बाई निवृत्त झाल्या आणि आपल्या गावी टाकळीला राहायला गेल्या. आमच्या भागात टाकळ्या पुष्कळ. ही वडनेर भोलजीच्या पुढे, हमरस्त्याला लागून असलेली. रस्ता चौपदरी झाला आणि गावाचे दोन तुकडे झाले. घरं एका बाजूला, दहावीपर्यंतची शाळा आणि निम्मी वावरं दुसऱ्या बाजूला. मधल्या दुभाजकात गावासमोर एक फट ठेवली होती. तिच्यातून बायका, पोरी, बैल, सायकली जीव मुठीत धरून जायच्या. गावाची मागणी एकच होती, रस्त्याखालून बोगदा द्या. बाईंची नात प्राजक्ता तेव्हा आठवीत होती. तीही रोज त्याच फटीतून शाळेत जायची आणि परत येईपर्यंत बाई ओट्यावरून उठत नसत.

अर्ज गेले. वरून उत्तर आलं की या पट्ट्यात वाहतुकीची मोजणी होणार आहे, आकडे बघून ठरेल. मोजणी करणाऱ्या ठेकेदाराने स्थानिक माणसं घेतली, त्यात इंगळेबाईही होत्या. म्हणजे त्यांना दिवस माहीत होता.

पुढचं मला नंतर प्राजक्ताने फोनवर सांगितलं. मोजणीच्या तीन दिवस आधी दुपारी बाईंनी गावाला विहाराच्या अंगणात बोलावलं. सगळ्या वस्त्यांमधली माणसं आली. ज्यांनी उभ्या आयुष्यात तक्त्याबद्दल ऑफिसबाहेर चकार शब्द काढला नव्हता, त्यांनी तक्ता उघडून दाखवला. "पायी जानाऱ्याले या कागदात काईच नाई," त्या म्हणाल्या. "तुमी दिवसभर येरझारा घाला, मी तुमाले लिवू नाई शकत. खोटी रेघ मी मारनार नाई. पन बैलगाडीले आठ हाय. गाडीत बसून आले तं मले लिवाच लागते."

टाकळीत आता बैलगाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. ज्या होत्या त्यातल्या निम्म्यांवर कोंबड्या बसायच्या. त्या धुतल्या. चाकांना वंगण घातलं. पाहुण्यांच्या गावांहून आणखी आणल्या. ज्याच्या दारात ट्रॅक्टर होता त्यानेही बैल मागून आणले, कारण ट्रॅक्टरला साडेचारच. मोजणीच्या दिवशी सकाळी आठपासून पोरी शाळेला गाडीतून गेल्या. दळण गाडीतून गेलं. डबा गाडीतून गेला. एक म्हातारा पलीकडे दाढी करायला गाडीतून गेला आणि पैसे विसरला म्हणून गाडीतूनच परत आला. फटीच्या दोन्ही अंगांना मोटारी आणि ट्रक खोळंबून हॉर्न वाजवत होते.

बाई उन्हाकडे पाठ करून बसल्या होत्या, ओठ मिटून. जितक्या गाड्या गेल्या तितक्याच रेघा मारल्या, एकही जास्त नाही. ठेकेदाराच्या सुपरवायझरने येऊन विचारलं, "मावशी, आज पोळा आहे का हो?" बाईंनी उत्तर दिलं नाही. तास चालू होता.

संध्याकाळी त्यांनी सगळं आठाने गुणलं आणि बेरीज गावाला वाचून दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

तो तक्ता टाइप होऊन पुण्याला आला. माझ्याच टेबलावर आला. पण त्यावर टाकळी लिहिलेलं नव्हतं. आमच्याकडे गावं नसतात, किलोमीटरचे आकडे असतात. अमुक किलोमीटरपासून तमुक किलोमीटरपर्यंत वेग एकदम पडतो, रेघ लाल होते, मंद वाहनांची संख्या अतोनात. मी चहा पीत पीत लिहिलं, "या ठिकाणी आडव्या जाणाऱ्या मंद वाहनांमुळे मुख्य वाहतुकीस गंभीर अडथळा होतो. दुभाजकातील फट कायमची बंद करावी." खाली सही केली.

कारण त्या आठाचा खरा अर्थ मला माहीत होता. आठ म्हणजे मान नव्हे. एक बैलगाडी आठ मोटारींइतका रस्ता अडवते, एवढाच त्याचा अर्थ. तक्ता बनवणाऱ्याने बैलाचा विचार केला नव्हता, बैलामागे अडकलेल्या मोटारीचा केला होता. टाकळीने दिवसभर राबून, वंगण घालून, पाहुण्यांचे उपकार घेऊन हे सिद्ध करून दिलं होतं की या रस्त्यावरची कोंडी म्हणजे टाकळी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते असं. आणि हात दाखवायला मीच शिकवलं होतं.

फट बंद झाली. पडद्यावर ती रेघ हिरवी झाली. एका मीटिंगमध्ये ती रेघ आधी कशी होती आणि नंतर कशी झाली हे दाखवलं गेलं, तेव्हा टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मग एका सकाळी बाईंचा फोन आला. "जय भीम, सायेब. बोगदा नाई आला. भित आली."

"कसली भिंत?"

"कमरीएवढी. सिमिटाची. गावापासून फिरून याले दोन किलोमीटर पुढं जा लागते. पोरी भितीवरून उड्या मारून राह्यल्या. तिघीईच्या घरच्याईनं शाळाच बंद केली." मग म्हणाल्या, "आकडा तं मोठा आला होता. मी सोता गुणला होता. कुठं चुकलं, पाहून सांगता काय?"

मी फाइल काढली. किलोमीटरचे आकडे नकाशावर ठेवून पाहिले. बाईंचं काही चुकलेलं नव्हतं. खालची सही माझी होती. ही गोष्ट फोनवर सांगायची माझी छाती नव्हती, म्हणून सुट्टी टाकून गाडी काढली आणि दुसऱ्या दिवशी टाकळीला पोचलो.

बाई मला पलीकडच्या अंगाला दिसल्या. शाळा सुटायची वेळ होती. पत्र्याची खुर्ची, उन्हाकडे पाठ, मांडीवर फळी. मी गाडी अलीकडे उभी केली आणि भिंतीवर चढलो. पँट फाटली. ट्रकचा वारा तोंडावर आला तेव्हा भिंत दोन्ही हातांनी धरली. दप्तर घेतलेल्या दोन पोरी माझ्या शेजारून सहज चढून गेल्या, त्यातली एक प्राजक्ता होती. मी त्या अंगाला उतरलो तेव्हा बाईंनी भिंतीवरची नजर न हलवता कागदावर तीन रेघा मारल्या. तिसरी माझी.

तास संपेपर्यंत त्या बोलल्या नाहीत. मी शेजारी उभा राहिलो. तक्ता जुनाच होता, पण उजवीकडच्या कोऱ्या समासात त्यांनी पेन्सिलीने एक रकाना आखला होता आणि वर सुंदर, नकाशावरच्या अक्षरात लिहिलं होतं: पायी.

तास संपला. मी सगळं सांगितलं. आठाचा अर्थ सांगितला, अहवालात काय लिहिलं ते सांगितलं. बाईंनी पर्समधून पातं काढलं.

"म्हंजे आमी जितक्या जास्त गाड्या आनल्या," टोक काढत त्या म्हणाल्या, "तितके आमीच आडवे आलो."

"हो."

"आन बंद करा, हे कोनी लिवलं?"

"मी."

पातं थांबलं. पेन्सिलीचे छिलके त्यांच्या पदरावर पडले होते, ते त्यांनी झटकले नाहीत. आवाज इतका खाली गेला की ट्रक जाईपर्यंत मला वाकून ऐकावं लागलं. "पुन्यात मी इचारलं होतं तुमाले."

"हो बाई."

"मले तक्ता भराले शिकवला. तुमाले तं वाचाले शिकवला होता ना?"

मी म्हणालो की मी अर्ज करतो, भांडतो, फेरमोजणी लावतो. हे सगळं मी येताना गाडीत पाठ केलं होतं.

"कोनत्या कागदावर?" बाई म्हणाल्या. "त्याच?"

मग त्यांनी फळीवरचा तक्ता काढून माझ्या हातात दिला. "हे घ्या. पायी चालनाऱ्याले कितीनं गुणाचं, ते लिवून आना. मंग बोलू."

तो कागद माझ्या टेबलावर आहे. दोनदा वरिष्ठांपुढे ठेवला. ते म्हणाले, पादचाऱ्यांचा अभ्यास वेगळा असतो आणि त्याचं काम आपल्याकडे आलेलं नाही. तिसऱ्यांदा ठेवला तेव्हा मी टेबलावर हात आपटला, तर मला घरी जाऊन आराम करायला सांगण्यात आलं. भांडण संपलेलं नाही, पण आकडा अजून मिळालेला नाही, आणि आकड्याशिवाय टाकळीला जायला मला तोंड नाही. म्हणून मी बाईंना शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी.

मी भिंत चढून परत गाडीत बसलो. दोन किलोमीटर पुढे जाऊन वळलो आणि दुसऱ्या अंगाने परत आलो. पुढचा तास सुरू झाला होता. बाईंनी फळीला नवा कागद लावला होता, ओठ मिटले होते, आणि भिंतीवर चढणाऱ्या एका बाईच्या डोक्यावरच्या भाऱ्यावर त्यांची नजर होती. मी गाडी हळू केली, काच खाली घेतली. मागच्या ट्रकने हॉर्न वाजवला. बाईंसमोरून, दोन हातांच्या अंतरावरून मी गेलो. त्यांनी पाहिलं नाही. गाड्या मोजणं त्यांनी सोडून दिलं होतं.